विद्यापीठाच्या गावात नवे आहात? आधी जागा ओळखा, कलाकार नंतर

पोस्टरवर ओळखीचं नाव दिसलं की तिकीट काढायचं, मागच्या रांगेत खांबाआड बसायचं, शब्द कळले नाहीत की गायकाला नावं ठेवत घरी यायचं. विद्यापीठाच्या गावात आल्यावर पहिलं वर्ष मी असंच काढलं. मग विद्यार्थ्यांच्या साउंडच्या टीममध्ये शिरलो. शिरलो म्हणजे केबली उचलायला. बोलूनचालून हमालीच ती. पण त्या हमालीत एकच ग्रुप सोमवारी लेक्चर हॉलमध्ये आणि मंगळवारी जुन्या चर्चमध्ये ऐकायला मिळाला. गाणी तीच, गळा तोच. सोमवारी एकेक शब्द सुटा ऐकू आला, पण सगळं कोरडं. मंगळवारी नुसत्या गळ्यांचं गाणं चाललं होतं तोवर अंगावर काटा होता, आणि ड्रम सुरू झाले तसा नुसता गलका. तेव्हापासून मी आधी जागा बघतो, मग नाव.

हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. नुकतेच एखाद्या विद्यापीठाच्या गावात राहायला आला असाल, तिथलं कोणी ओळखीचं नसेल, तर पहिल्या सहामाहीत एवढं करा.

पायरी १ : गावातल्या जागांची यादी करा

ज्यांच्यावर नाट्यगृह म्हणून पाटी आहे त्या जागा कोणीही सांगेल. विद्यापीठाच्या गावाची खरी गंमत इतर जागांत असते. लेक्चर हॉल, कॅन्टीन, ग्रंथालयाचा तळमजला, संग्रहालयाचा जिना, चर्च, बारच्या मागची खोली, कोणाच्या तरी घराचं तळघर, यांतल्या कशातही संध्याकाळी स्टेज उभं राहू शकतं. ब्रिटनमधल्या लीड्स विद्यापीठात १४ फेब्रुवारी १९७० ला ‘द हू’ हा बँड वाजला तो विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग आजही रॉकमधल्या गाजलेल्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये मोजतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातलं अथेन्स हेही असंच विद्यापीठाचं गाव. ‘आर. ई. एम.’ या बँडचा पहिला कार्यक्रम तिथे ५ एप्रिल १९८० ला, वापरात नसलेल्या एका चर्चमध्ये, मित्राच्या वाढदिवसाच्या पार्टीत झाला. आलेल्यांपैकी कोणी बँडचं नाव बघून आलं असणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या टोकाला ऑक्सफर्डची होलीवेल म्युझिक रूम आहे. ती १७४८ मध्ये उघडली. केवळ संगीतासाठी बांधलेल्या युरोपातल्या सर्वांत जुन्या खोल्यांमध्ये तिची गणना होते आणि तिथे अजूनही मैफली होतात. त्याच गावातलं शेल्डोनियन थिएटर तिच्याहून जुनं, १६६९ चं, पण ते बांधलं विद्यापीठाच्या समारंभांसाठी. तिथली बाकं टणक आहेत. जुन्या वास्तूत जाताना बुडाखाली घ्यायला काहीतरी न्यावं, ही या पायरीतली सर्वांत उपयोगी सूचना समजा.

यादी करायला एक दुपार पुरते. संगीत विभागाच्या इमारतीत जा आणि सूचनाफलक वाचा. वेबसाइटवर नसलेल्या गोष्टी तिथे कागदावर चिकटवलेल्या असतात. मग विद्यार्थी संघटनेचं कार्यालय. मग गावात जिथे खांबांवर एकावर एक पोस्टर चढलेली दिसतील ती गल्ली. गावात विद्यार्थ्यांचं रेडिओ स्टेशन असेल तर आठवडाभर संध्याकाळी ते लावून ठेवा. लहान जागांतल्या कार्यक्रमांची बातमी तिथे सर्वांत आधी येते. प्रत्येक जागेपुढे तीन गोष्टी लिहा: साधारण माणसं किती मावतात, बसायचं की उभं राहायचं, आणि वयाची अट आहे का. दारू मिळते अशा जागांवर ही अट हमखास असते. काही ठिकाणी लहानांना आत सोडतात, पण हातावर वेगळा शिक्का मारतात.

पायरी २ : शैक्षणिक वर्षाकडे बघून ठरवा

या गावांचं संगीत सत्राबरोबर चढतं आणि सुट्टीत झोपी जातं. सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत नवख्यांना ओढण्यासाठी मोकळ्या मैदानात फुकट कार्यक्रम होतात. गर्दी फार, ऐकणं कमी. पण कोणता ग्रुप कुठे वाजवतो हे कळायला ठीक. मधल्या काळात बाहेरचे कलाकार येतात आणि बऱ्याचदा आडवारी येतात, कारण शनिवार-रविवार मोठ्या शहरांनी धरलेले असतात. मंगळवारी रात्री चाळीस माणसांपुढे ऐकलेला ग्रुप दोन वर्षांनी मैदान भरतो, हे प्रत्येक विद्यापीठाच्या गावात कोणी ना कोणी छातीठोकपणे सांगत असतं. सांगणारा दर वेळी त्या चाळिसांतलाच असतो!

खरं घबाड सत्राच्या शेवटच्या महिन्यात असतं. ज्या विद्यापीठात वादन-गायनाची पदवी मिळते तिथे पदवीसाठी विद्यार्थ्याला पूर्ण मैफल करावी लागते. त्याला रिसायटल म्हणतात. बहुतेक ठिकाणी प्रवेश खुला आणि फुकट असतो, आणि हॉल निम्म्याहून जास्त रिकामा. या एका तासासाठी त्या मुलीने वर्षभर तयारी केलेली असते. पहिल्या रांगेत गुरुजन कागद-पेन घेऊन बसलेले, दुसऱ्या रांगेत आई-वडील, आणि मागे तुम्ही. मी एकदा बासूनचं रिसायटल ऐकायला गेलो होतो. बासून म्हणजे माणसाच्या खांद्याएवढं उंच, खालच्या पट्टीतलं, लाकडी फुंकवाद्य. ऑर्केस्ट्रात ते इतरांच्या आवाजात बुडून जातं. इथे ते माझ्यापासून पाच-सहा हातांवर होतं. किल्ल्यांची टकटक, दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास, ओलसर झालेली रीड, म्हणजे फुंकायची वेताची पट्टी, पुसायला काढलेला रुमाल, सगळं समोर. महागड्या तिकिटाला हे दिसत नाही. आठवड्यात दोन रिसायटलं ऐकलीत तर एका सत्रात वाद्यांची ओळख पक्की होते, खिशाला हात न लावता.

याच काळात चर्चमधले दुपारचे ऑर्गनवादनाचे कार्यक्रमही बघून ठेवा. हा ऑर्गन म्हणजे नळ्यांतून हवा सोडून वाजवायचं मोठं वाद्य. ते तासाभराच्या आत संपतात.

पायरी ३ : खोलीची परीक्षा घ्या

कार्यक्रमाच्या आधी, खोली रिकामी असताना आत जायला मिळालं तर मधोमध उभं राहून एकच टाळी वाजवा. लोक बघतील, बघू देत. टाळी लगेच विझली तर खोली कोरडी: बोलणं, विनोद, नाटक, ड्रम आणि गिटार असलेला बँड यांना चांगली. टाळी दोनेक सेकंद रेंगाळली तर ऑर्केस्ट्राला आणि पियानोला चांगली. त्याहून जास्त रेंगाळली तर समूहगान आणि ऑर्गन ऐका, बँड असेल तर घरी जा. टाळीमागून वेगळी, सुटी अशी दुसरी टाळी ऐकू आली तर मागची भिंत सपाट आणि टणक आहे. तिथे पुढे बसणाऱ्यांना त्रास होतो.

हे रेंगाळणं मोजायचं शास्त्र विद्यापीठातल्याच एका फसलेल्या हॉलमुळे जन्मलं. हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातला लेक्चर हॉल १८९५ मध्ये उघडला आणि प्राध्यापकांचं बोलणं कोणालाच कळेना. रिकाम्या हॉलमध्ये आवाज साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा, म्हणजे एक शब्द विरायच्या आत पुढचं अख्खं वाक्य त्यावर येऊन आदळायचं. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे ते काम आलं. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा तो रात्री माणसं लावून उचलून आणायचा, हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत उशा परत पोचवायचा. रात्रीच का, तर दिवसा रस्त्याची वर्दळ असायची. त्यातून त्याला सूत्र मिळालं: खोलीचं घनफळ जेवढं मोठं तेवढा आवाज जास्त घुमतो, आणि आवाज पिणाऱ्या वस्तू जेवढ्या जास्त तेवढा कमी. १९०० मध्ये उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल त्याच्या सल्ल्याने बांधला गेला आणि आजही जगातल्या उत्तम हॉलमध्ये गणला जातो.

या आवाज पिणाऱ्या वस्तूंमध्ये माणूसही येतो, हे मला फार उशिरा कळलं. एका हिवाळ्यात दुपारी रिकाम्या हॉलमध्ये मी मन लावून आवाज बसवला. गाणारीचा गळा कसा झळझळीत ऐकू येत होता! संध्याकाळी दोनशे माणसं जाड कोट घालून आत आली आणि तोच गळा गोधडीखालून आल्यासारखा वाटू लागला. बटणं तिथेच होती. मी बावरून आवाज नुसता वाढवत गेलो, आणि दुसऱ्या गाण्यात स्पीकरने कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. दोष हॉलचा नव्हता, गाणारीचा तर नव्हताच. म्हणून ऐकणाऱ्यालाही सांगतो: पहिल्या गाण्यावरून मत बनवू नका. भरलेल्या खोलीत आवाज बसवायला साउंडवाल्याला दोन गाणी लागतातच.

पायरी ४ : बसायची जागा निवडा

आवाज स्पीकरमधून येणार असेल तर साउंडचा मिक्सर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या बटणांचं टेबल, कुठे मांडलंय ते शोधा. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाने आवाज बसवत असतो, म्हणून त्याच्या पुढेमागे दोन-तीन हातांवर जो आवाज असतो तोच सर्वांत नेटका. उभं राहायच्या कार्यक्रमात मी सरळ मिक्सरच्या पुढच्या कठड्याला टेकतो. टेकायला मिळतं आणि मागून कोणी ढकलत नाही. फक्त कठड्यावर पेला ठेवू नका. एका सांडलेल्या पेल्याने संध्याकाळ संपू शकते.

स्टेजला अगदी चिकटून उभं राहिलात तर चेहरे दिसतील, पण गळा ऐकू येणार नाही. मोठे स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे आवाज फेकत असतात आणि तुमच्या वाट्याला गिटारचा अँप्लिफायर आणि ड्रम येतात. कोपरे आणि मागची भिंत टाळा, तिथे खालच्या पट्टीचा आवाज साचून घुमतो. बाल्कनीच्या खाली खोलवर बसलात तर वरून येणारा आवाज छतच अडवतं.

स्पीकर नसलेल्या मैफलीत गणित वेगळं. पहिल्या तीन रांगांत एकेक वाद्य सुटं ऐकू येतं, मधल्या रांगांत ती मिसळतात. पियानो असेल तर डावीकडे बसा म्हणजे वादकाची बोटं दिसतात. झाकण श्रोत्यांच्या बाजूने उघडतं; आवाज मात्र उजवीकडे थोडा जास्त मिळतो. मी डावीकडेच बसतो. सर्वांत मागची, सर्वांत स्वस्त रांग वाईटच असेल असंही समजू नका. अ‍ॅन आर्बर इथे मिशिगन विद्यापीठाचं हिल ऑडिटोरियम आहे, १९१३ चं, साडेतीन हजारांच्या आसपास खुर्च्यांचं. त्याच्या भिंती आणि छताला पॅराबोलाची वळणं दिली आहेत, त्यामुळे स्टेजवरचा आवाज परावर्तित होऊन थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. अशा हॉलमध्ये वर बसणारा विद्यार्थी शहाणा.

मोठ्या मैदानातल्या कार्यक्रमात ओठ आणि शब्द जुळत नाहीत असं वाटलं तर डोळे चोळू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. शंभर मीटरवर उभे असाल तर गाणं तुमच्यापर्यंत पाव सेकंदाहून जास्त उशिरा येतं.

श्रवणयंत्र वापरत असाल तर तिकीट काढतानाच ‘हिअरिंग लूप’, म्हणजे स्टेजवरचा आवाज श्रवणयंत्रापर्यंत बिनतारी पोचवणारी तार, आहे का विचारा. यंत्रात तो झेलणारी टेलिकॉइल नावाची छोटी गुंडाळी असेल तर स्टेजवरचा आवाज थेट यंत्रात येतो. लूप बऱ्याचदा ठरावीक रांगांपुरताच असतो.

पायरी ५ : कान सांभाळा

ही पायरी लोक वगळतात. मीही वगळली होती, आणि आता शांत खोलीत डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत असते. ती जात नाही.

हिशेब सोपा आहे. अमेरिकेतली ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी संस्था ८५ डेसिबल आवाजात ८ तासांची मर्यादा घालते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. लहान खोलीतला ड्रमवाला बँड १०० डेसिबलला सहज पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीताच्या जागांसाठी मानक काढलं, त्यातही सरासरी पातळी १०० डेसिबलवर जाऊ नये, कानात घालायचे बोळे मिळावेत आणि शांत बसायला वेगळी जागा असावी असं सांगितलं आहे.

फोमचे बोळे स्वस्त असतात, पण दहातले नऊ जण ते नुसते कानाच्या तोंडाशी खोचतात. तसं करून उपयोग नाही. बोळा बोटांत वळून उदबत्तीच्या काडीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, बोळा आत सारा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. नीट बसला की तुमचाच आवाज तुम्हाला माठात बोलल्यासारखा ऐकू येतो. फोम वरच्या पट्टीचा आवाज जास्त कापतो, म्हणून गाणं बोजड वाटतं. नेहमी जाणार असाल तर वादक वापरतात ते फिल्टरवाले बोळे घ्या. ते सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या कमी करतात आणि शब्द कळतात.

पायरी ६ : दारावरचं

तिकिटावर दोन वेळा असतील तर पहिली दार उघडण्याची, दुसरी सुरू होण्याची. दुसऱ्या वेळेला बहुधा आधीचा ग्रुप चढतो. मुख्य कलाकार त्यानंतर तासाभराने. तरी आधीचा ग्रुप चुकवू नका, गावातली मुलं तीच असतात. पाश्चात्त्य शास्त्रीय मैफलीत उलटं: वेळ म्हणजे वेळ, दार लागतं आणि मग पहिली रचना संपेपर्यंत बाहेर उभं राहावं लागतं. एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि मधल्या शांततेत टाळ्या वाजवत नाहीत. कधी वाजवायच्या कळत नसेल तर वादकाचे हात खाली आले का ते बघा, नाहीतर शेजाऱ्यांच्या मागून वाजवा.

ओळखपत्र, मोठी पिशवी चालते का, शेवटची बस किती वाजता, हे घरूनच बघून निघा. आत गेल्यावर ज्या दाराने आलात ते सोडून दुसरं दार कुठे आहे ते डोळ्यांनी शोधा. तळघरात आणि बारच्या मागच्या खोलीत तर आधी तेच करा. दुसरं दार नसेल किंवा त्याच्यापुढे खुर्च्या रचलेल्या असतील, तर मी परत फिरतो. कितीही मोठं नाव असो.

पायरी ७ : स्वतः स्टेजवर चढायचं असेल तर

ओपन माइकला, म्हणजे कोणीही नाव लिहून स्टेजवर चढू शकतं अशा कार्यक्रमाला, पहिल्या खेपेला नुसतं ऐकायला जा. नावं किती वाजता लिहितात, प्रत्येकाला किती मिनिटं मिळतात, लोक गप्प बसतात की गप्पा मारतात, हे कळतं. दुसऱ्या खेपेला दोनच गाणी तयार ठेवा. वाद्य बाहेर जुळवून या. जमिनीवर बसून वाजवायचं वाद्य असेल तर आधी कळवा, कारण तिथले माइकचे स्टँड उभ्या माणसासाठी मांडलेले असतात.

माइक चालू आहे का बघायला त्यावर टिचक्या मारू नका, फुंकू नका; बोला. स्टेजवरचा नेहमीचा माइक ओठांपासून दोन-तीन बोटांवर धरा. जाळीवर पंजा आवळला की माइक सगळीकडचा आवाज पकडायला लागतो आणि शिट्टी सुरू होते. शिट्टी आली की माइक खाली स्पीकरकडे वळवण्याची चूक सगळे करतात, त्याने ती वाढते. स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर ओरडू नका. साउंडवाल्याकडे बघून “मॉनिटरमध्ये माझा आवाज थोडा वाढवा” एवढं म्हणा. मॉनिटर म्हणजे स्टेजवर तुमच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर. आणि गिटारची केबल काढायच्या आधी त्याला खूण करा, नाहीतर स्पीकरमधून बंदुकीसारखा बार निघतो.

पायरी ८ : ओळख वाढवा

घरगुती मैफलीची बोलावणी याच ओळखीतून येतात; त्यांची पोस्टर लागत नाहीत. तिथे जमा होणारे पैसे बहुतेक वेळा सगळे कलाकाराला जातात, म्हणून टोपी फिरली की हात आखडू नका.

ओळख वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे काम मागणं. हॉलवाल्यांना लोकांना जागा दाखवायला स्वयंसेवक लागतात आणि बदल्यात कार्यक्रम फुकट बघू देतात. साउंडच्या टीमला तर हात कायम कमीच पडतात. तिकडे गेलात तर पहिल्या दिवशी तुमच्या हातात केबल येईल. ती कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळू नका. तशी गुंडाळली की आतल्या तारांना पीळ बसतो आणि महिनाभरात केबल खरखरायला लागते. एक वेटोळं सरळ घ्या, दुसरं मनगट आत वळवून उलटं, परत सरळ, परत उलटं. टोक धरून फेकली की ती गाठ न पडता सरळ उलगडली पाहिजे. मला हे जमायला तीन संध्याकाळी लागल्या आणि तोवर कोणी मिक्सरजवळ उभंसुद्धा राहू दिलं नाही.